कोपरीच्या घरापुढचा दगड

मी, गोदाबाई कोम कैलासवासी विसाजी चौबळ, जन्म कल्याण, राहणार कोपरी, ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. गावात प्लेग आहे, अंगात कणकण आहे. बुद्धी मात्र शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने आजच यावे आणि माझ्याकडून एखादा शिलालेख वाचून घ्यावा. उद्याचा भरवसा नाही.

१. कोपरीचे घर मी मुलींच्या शाळेतल्या पगारातून बांधले. त्यात सासरचा एक वासाही नाही. ते माझी विद्यार्थिनी कलावती हिने मुलींच्या शाळेसाठी वापरावे. मागची खोली माझी जाऊ विमलाबाई हिला तहहयात.

जावेचा मुलगा महिपत परवा प्लेगाच्या भीतीने अंगणातूनच बोलला, "काकू, घर माझ्या नावे करा. शेवटपर्यंत सांभाळीन."

"तुझे सांभाळणे तुझ्या आईच्या फाटक्या लुगड्यावर दिसते," मी म्हटले.

"मग वकील बघतो," म्हणाला. म्हणजे मी डोळे मिटताच घर विकायला काढणार. शेवटचे कलम यासाठीच.

२. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून आले तेव्हापासून मी बांधाबांधावरचे लेख ओला कागद थापून उतरवीत आले. ते ठसे व कुंचले कलावतीस. टिटवाळ्याच्या वाटेवरचा एक दगड वाचायचा राहिला आहे. अंथरुणात पडले की तोच समोर येतो. कलावती, थंडी सरण्याआधी जा. अक्षरांतला चिखल खिळ्याने उकरू नकोस.

३. मुंबईचे एक पंडित माझी वाचने आपल्या नावाने छापतात आणि खाली "स्थानिक मदत" असे लिहितात. त्यांना माझा चष्मा द्यावा. आता दगड स्वतः पाहावे लागतील.

४. जुने राजे जमीन दान देत तेव्हा दगड रोवीत. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, तळाला गाढव. दान मोडणाऱ्यास तो शाप. बाळकुमच्या काळुरामच्या बांधावर असा एक आहे. मी प्रथम गेले तेव्हा तो शेतातून ओरडत आला, "बाय, गाढवाला हात लावू नको गो, शेत बुडंल!" इतकी शतके तो बांध कोणी सरकवलेला नाही. कोर्टाच्या शिक्क्यापेक्षा माझा भरवसा त्या गाढवावर आहे. माझ्या दारातही तसाच दगड रोवावा; पंढरी पाथरवटाने तो घडवायला घेतला आहे.

बदल एकच. जुन्या दगडांवर गाढवाखाली दान मोडणाऱ्याची आई कोरलेली असते. अपराध मुलाचा आणि शाप आईला! विमलाबाईने महिपतचे पुष्कळ सोसले आहे. माझ्या दगडावर बाई नको. गाढवाखाली मोडणारा स्वतः असावा, पागोट्यासकट.

कोपरी, ठाणे. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८२०.
सही दस्तुरखुद्द: गोदाबाई चौबळ

साक्षी:
काळुराम, राहणार बाळकुम. निशाणी नांगराची.
पंढरी पाथरवट, राहणार ठाणे. निशाणी छिन्नीची. सांगून लिहविले: "बाई, गाढव झालंय. पागोटं तेवढं महिपतरावांचं एकदा बघून घेतो."