बरी झालीस की काढू

४ फेब्रुवारी
गादी आली! केमोच्या दुसऱ्या डोसनंतर जुन्या गादीवर पाठ टेकवत नव्हती. आमचे हे मला न सांगताच दुकानात गेले आणि चांगली जाड, मऊ गादी घेऊन आले. मला रडूच फुटलं. मग ह्यांनी चादर घातली — प्लास्टिकच्या वरून! अहो, ते काढा की आधी. "काढू गं. तू बरी झालीस की काढू. आता औषधं सांडतात, उलट्या होतात. कोरी राहू दे."
कूस बदलली की चुरचुर. पाठ घामाने चिंब.

७ फेब्रुवारी
लग्न झाल्यापासून हेच बघतेय. सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक, मिक्सरच्या बटणांवरसुद्धा! फ्रिजच्या दारावरचं मुलीचं लग्न झालं की काढणार होते. ती सासरी गेली. मग म्हणे नातवंड होऊ दे. नातू आता शाळेत जातो. दारावरचं प्लास्टिक पिवळं पडलंय, कडांना मळ साचलाय, पण हात लावायची सोय नाही. मी वैतागले की ह्यांना कव्हरशेठ म्हणते. ह्यांना तो मान वाटतो!

१५ फेब्रुवारी
नणंद भेटायला आली. सोफ्यावर बसली ती थेट घसरून खाली! "वहिनी, दादा लहानपणी नवी चप्पल पिशवीत घालून अनवाणी शाळेत जायचा, माहितीये?" हे गालातल्या गालात हसत होते. मीही हसले. पोट दुखेपर्यंत. हसून पोट दुखलं हे किती बरं!

२२ फेब्रुवारी
तिसरा डोस. लिहायला नको.

१ मार्च
पाठीची कातडी सोलवटलीय. आज मात्र डोकं फिरलं. कात्री घेतली आणि गादीचं प्लास्टिक कापायला बसले. ह्यांनी येऊन हात धरला. "हात थरथरतायत तुझे. गादी फाटेल."
गादी फाटेल! म्हटलं, मी फाटले तरी चालेल, नाही का? नवरी आणली तेव्हा मलाही एक कव्हर घालायचं होतं, टिकले असते!
हे स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग सुती चादरीची चौपदरी घडी माझ्या पाठीखाली सरकवली आणि पेपरने वारा घालत बसले. प्लास्टिक काही काढलं नाही. इतका राग आला, आणि इतकी माया वाटली. दोन्ही एकदमच.

९ मार्च
उद्या रिपोर्ट. भीती वाटते. मला मरायचं नाही. हे कुणाला सांगायचं?

१० मार्च
डॉक्टरांनी आधी ह्यांना एकट्यांना आत बोलावलं. मी बाहेर बाकावर. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं दिसलं, कॉलर ओली. "सगळं उत्तम आहे! डॉक्टर एकदम खूश." मी रिपोर्ट मागितला. म्हणाले, त्यातलं आपल्याला काय कळतंय?
घरी येईपर्यंत माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते.

११ मार्च
अजून खरं वाटत नाही! सकाळी मला खुर्चीत बसवलं आणि ब्लेड घेऊन कामाला लागले. गादीचं काढलं. सोफ्याचं. फ्रिजचं तर नखांनी खरवडून. जमिनीवर ढीग लागला. "बोललो होतो ना, बरी झालीस की काढू! घे, काढलं!" मोठमोठ्याने बोलत होते, माझ्याकडे न बघता.
गादीवर पडले. गार, मऊ, आवाज नाही. काय सुख! दुपारभर झोपले.

१२ मार्च
चहा देताना विचारलं, "झोप लागली ना गं?" म्हटलं, छान लागली.
माझा नवरा मला माहीत आहे. मी खरंच बरी झाले असते तर म्हणाला असता, आता तर अजून कितीतरी वर्षं वापरायचीय, राहू दे ते प्लास्टिक.