काजळीचा दिवा आणि आमचे नऊ रविवार

जयनगर, बेंगळूरु
२ फेब्रुवारी, सोमवार

ती. श्रीरंगराव यांना,

धाकट्या साडूचा, म्हणजे शरच्चंद्राचा, साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे. आठही अंगे टेकली असे समजावे.) सौ. गौरीताईंना आम्हा दोघांचा नमस्कार. तुमचा खोकला गेला असेल आणि सकाळच्या फिरण्यात तुम्ही अजूनही पुढच्या माणसाला मागे टाकत असाल, असे धरून चालतो. इकडे सर्व क्षेम. फोन सोडून पत्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर या" म्हणता, आणि हा मुद्दा असा आहे की त्याच्यावर यायला मला चार पाने लागतील. पत्राला मधे तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

विषय तुमच्या गाडीचा आहे. घाबरू नका, गाडी ठीक आहे. (किती ठीक, ते पुढे येईलच.) चि. शंतनूची इथली, महादेवपुऱ्यातली नोकरी पुण्याला हलली आणि तुम्ही सगळे बिऱ्हाड आवरून निघालात, तेव्हा ऑगस्टात ही गाडी तुम्ही विश्वासाने माझ्या हवाली केलीत, आणि सोबत हिरव्या शाईत लिहिलेले अकरा कलमांचे कार्ड दिलेत. मी तेहेतीस वर्षे कारखान्याच्या तपासणी खात्यात काढलेला माणूस. लेखी सूचना समोर आली की ती बरोबर की चूक हा प्रश्न माझ्या डोक्यात उगवतच नाही. ती पाळली गेली की नाही, एवढाच उगवतो. कार्ड मी देवघराशेजारी लावले. कलम चार: गाडी रोज सकाळी जागच्या जागी सुरू करून दहा मिनिटे ठेवावी. कलम पाच: चाळीसच्या वर नेऊ नये. कलम सात: टाकीत डिझेल जेमतेम ठेवावे, चोरी होते. कलम नऊ: तापल्यासारखी वाटल्यास तत्क्षणी बंद करावी. कलम दहा: तेल डिकीतल्या डब्यातलेच घालावे. (हा डबा तुम्ही तुमच्या आधीच्या आधीच्या गाडीसाठी घेतला होता, हे मला नंतर कळले.)

तर मी रोज पूजा आटोपली की अंगावर शाल घेऊन खाली तळघरात जात असे आणि गाडी सुरू करून आत डोळे मिटून बसत असे. ती दहा मिनिटे फार सुखाची होती, हे कबूल करतो. गाडी हलत नसे, मीही हलत नसे, आणि इंजिनाची ती बारीक थरथर पाठीला लागली की मला कारखान्यातली पहिली पाळी आठवे. कधी कधी मी परगावी पोचूनही येत असे. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी नागराज दोनदा येऊन काच वाजवून गेले. वरच्या मजल्यावर वास जातो, अशी त्यांची तक्रार. मी त्यांना कार्ड दाखवले. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण हिरव्या शाईचा त्यांच्यावर परिणाम झालेला दिसला.

एरवी मी गाडी आठवड्यातून एकदा भाजीला नेई. (जाऊन-येऊन तीन किलोमीटर, सरासरी वेग रिक्षावाले हसतील इतका.) परत आल्यावर कधी कधी असे होई की गाडी उभी केली तरी इंजिन जरा चढ्या आवाजात चालू, पंखा घोंघावतोय, आणि खालून इस्त्रीसारखा गरम वास. मी कलम नऊ आठवून झटकन किल्ली फिरवी. असे पाचसहा वेळा झाले, आणि प्रत्येक वेळी तुमची गाडी मोठ्या संकटातून वाचवल्याचे समाधान घेऊन मी जिना चढलो. आणखी एक चमत्कार सांगतो. तेलाची पट्टी काढून बघायची मला सवय आहे. लोकांच्या गाड्या तेल पितात. तुमच्या गाडीत तेल दर महिन्याला वाढत होते. मी हे प्रमोदिनीला अभिमानाने सांगितले. ती म्हणाली, "कुठून येतंय, ते बघा आधी." मी दुर्लक्ष केले.

नोव्हेंबरच्या मध्यावर समोरच्या तबकडीवर पिवळा दिवा लागला. नळीच्या मध्ये एक डबा आणि डब्यात ठिपके, असे चित्र. मला ते रांगोळीसारखे वाटले. कार्डावर त्याविषयी कलम नव्हते, तेव्हा मी अकरा दिवस त्याला नुसते पाहत राहिलो. मग गाडीही सुस्तावली, पुलाचा चढ चढताना उसासे टाकू लागली, आणि मी इथले शिवाजीनगर गाठले. तिथे एका बोळात पवित्राचे वर्कशॉप आहे. वडिलांच्या मागे तीच चालवते. मूळची निपाणीकडची, त्यामुळे मराठी चांगले बोलते. तिने गाडीला लॅपटॉप जोडला, तेलाची पट्टी हुंगली, मग माझ्याकडून कार्ड मागून घेतले आणि अकराही कलमे वाचली. "हे कुणी लिहिलंय हो अण्णा?" तिने विचारले. घरचे मोठे आहेत, असे मी सांगितले. त्यावर तिने कार्ड दोन्ही हातांनी मला परत दिले.

मग तिने जे समजावले ते असे. (तुम्हाला माहीत असेलच, पण कार्डावरून तसे वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. राग नसावा.) हल्लीच्या डिझेल गाड्यांच्या पोटाखाली, धूर बाहेर पडायच्या वाटेवर, काजळी गाळणारा एक डबा असतो. त्यात भाजलेल्या मातीचे मधाच्या पोळ्यासारखे जाळे, बारीक बारीक नळ्यांचे. प्रत्येक नळीचे एक तोंड बुजवलेले असते, एकीचे पुढचे, तर शेजारणीचे मागचे. धूर एकीत शिरतो, पुढे वाट बंद म्हणून भिंतीतून झिरपून दुसरीत जातो आणि बाहेर पडतो. काजळी भिंतीशीच थांबते. गाडी लांब, एका वेगाने पळाली की धूर इतका तापतो की ही काजळी आपोआप जळू लागते. पळायलाच मिळाले नाही, तर गाडी स्वतः थोडे जास्तीचे डिझेल सोडून तो डबा सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. त्या वेळी इंजिन चढ्या आवाजात चालते, पंखा घोंघावतो, गरम वास येतो. नेमक्या त्याच वेळी मी कलम नऊ पाळत होतो. अर्धवट राहिलेले ते डिझेल तेलात उतरत होते, म्हणून तेल वाढत होते. टाकीत डिझेल जेमतेम असले की गाडी जाळायचे कामच सुरू करत नाही (कलम सात). आणि रोजची ती दहा मिनिटे (कलम चार) म्हणजे काजळीचा रतीब होता. डब्यातल्या तेलाविषयी ती म्हणाली की या गाड्यांना कमी राख होणारे तेल लागते, कारण काजळी जळते, पण राख जळत नाही. ती आतच साठत राहते आणि लाख-दीड लाख किलोमीटरनंतर डबा काढून साफ करावा लागतो.

तिथेच उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी डबाच कापून टाकण्याचा सल्ला दिला. पवित्राने त्यांच्याकडे असे पाहिले की ते चहा प्यायला निघून गेले. तसे करणे बेकायदा आहे, शिवाय ती काजळी मग लोकांच्या छातीत जाते. तिने फक्त तेल बदलले आणि म्हणाली, "गाडीला काय बी झालं नाही अण्णा. तुम्ही तिला कोंडून घातलंय. स्वल्प पळवून आणा की." अट एकच: टाकी निम्म्याच्या वर भरायची, साठच्या खाली यायचे नाही, आणि पंचवीस-तीस मिनिटे मधे कुठेही थांबायचे नाही, उतरायचे नाही, गाडी बंद करायची नाही.

आता खरा भाग. तुम्हाला ठाऊक आहे की गुडघ्याच्या ऑपरेशननंतर प्रमोदिनी दोन वर्षांत दवाखाना सोडून कुठेही गेली नव्हती. रिक्षाची पायरी उंच, बस तर नकोच, लग्नकार्याला गेले तर दहा वेळा उठबस. गुडघा केव्हाच बरा झाला होता, भीती बरी होत नव्हती. मी समजावले, रागावलो, शेवटी गप्प बसलो. घरात आम्ही दोघे आणि बोलायला फक्त भाजी कुठली करायची एवढे उरले होते. मला याचे किती वाईट वाटत होते, ते मी कुणाला सांगितलेले नाही. त्या संध्याकाळी मी सहज म्हणालो, मोठ्या रस्त्यावर एकट्याने जायची मला धास्ती वाटते, शेजारी बसून घड्याळ बघायला कुणी हवे. पण अट अशी आहे की मधे उतरता येणार नाही. ती पोळी लाटत होती. तिने लाटणे थांबवले आणि विचारले, "नक्की उतरायचं नाही ना?" मी म्हणालो, उतरलो तर गाडी बिघडेल. "मग येते," ती म्हणाली.

सात डिसेंबरला, रविवारी, सकाळी सहाला आम्ही निघालो. होसूर रस्त्यावरच्या लांब पुलावर चढलो तेव्हा खाली धुके होते, आणि त्यातून इमारतींचे वरचे मजलेच तेवढे दिसत होते. साठ, पासष्ट, एकच एक आवाज. खाली शहर आहे की नाही, याची खात्री वाटेना. पुढे अत्तिबेलेला वळून आनेकलच्या वाटेला लागलो. कापलेल्या नाचणीची शेते, गुलाबाची प्लास्टिकची घरे, कारखान्याच्या बसेसमध्ये मान टाकून झोपलेली माणसे, सगळे हळूच येई आणि हळूच मागे जाई. प्रमोदिनी मांडीवर घड्याळ धरून बसली होती. चाळीस मिनिटे होऊन गेली तरी तिने वेळ झाल्याचे सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

तेव्हापासून नऊ रविवार झाले. समोर पाहत बोलायचे असले की माणूस काय काय बोलतो, श्रीरंगराव. अडतीस वर्षांच्या संसारात मला ठाऊक नव्हते की हिला लहानपणी ट्रक चालवायचा होता. तुम्ही गौरीताईंना बघायला आलात तेव्हा पोहे दोनदा मागून घेतलेत आणि हिने आतून खिडकीतून ते मोजले, हेही आनेकलच्या अलीकडे कळले. कधी ती काहीच बोलत नाही. मग मी बाजूला पाहिले की ती डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी असते, आणि मला वाटते रस्ता संपूच नये. सहाव्या रविवारी एका तळ्यापाशी ती म्हणाली, "थांबवा जरा." मी अटीची आठवण करून दिली. "स्वल्प थांबवा हो," ती म्हणाली. मी थांबलो (इंजिन चालू ठेवून). ती दार उघडून, माझा हात न धरता उतरली आणि पाण्यापर्यंत चालत गेली. तळ्यावर धुके होते, तिची पाठ त्यात जाऊन पुन्हा बाहेर आली. मी स्टिअरिंगमागे बसून रडलो. हे तुम्हाला लिहायला मला लाज वाटत नाही.

गाडीचा तो पिवळा दिवा मात्र अजून अधूनमधून लागतो, हे खेदाने कळवतो. काजळी जुनी आहे, वेळ लागणार. अशा स्थितीत गाडी लांबच्या प्रवासाला पाठवणे मला, तपासणी खात्यातला माणूस म्हणून, योग्य वाटत नाही.

गौरीताईंना, शंतनूला आशीर्वाद-नमस्कार ज्याचे त्याला पोचवावेत. पत्र लांबले, पण तुम्ही मधे एकदाही बोलला नाहीत, त्याबद्दल आभारी आहे.

आपला
शरच्चंद्र

ता. क. शंतनूचा फोन आला होता. बावीस तारखेला, रविवारी, ड्रायव्हर येऊन गाडी पुण्याला नेणार म्हणाला. वरील तांत्रिक कारणास्तव ती आणखी थोडे दिवस इथे राहू द्यावी. थोडे म्हणजे वर्षभर.

ता. क. २. कार्ड सोबत परत पाठवत आहे. कलमे ४, ५, ७, ९ आणि १० यांच्यावर पेन्सिलीने रेघ मारली आहे. पेन्सिल अशासाठी की तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.

भावोजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून मागच्या बाजूला चार ओळी लिहिते. तो दिवा पहिल्याच रविवारी अत्तिबेलेच्या पुढे विझला. परत लागलेला नाही. ह्यांना वाटतं डावीकडे बसून मला तो दिसत नाही. माझ्या दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशनं झालीत हे विसरतात. दर शनिवारी गंभीर चेहऱ्याने सांगतात, दिवा लागलाय, उद्या जायला हवं. मी म्हणते, काय करणार, जायलाच हवं. तुम्ही त्यांना यातलं काही बोलू नका. गाडी तुमची आहे, कधीही न्या. फक्त ड्रायव्हर पाठवायचाच असेल तर सोमवारी पाठवा. रविवारी आम्ही घरी नसतो.

प्रमोदिनी