वाकडीची चोच

ता. ३, मंगळवार

दिवसभर घणानं पिंपं चेपली. पेन्सिल धरवत नाही. तरी लिहितो. नाहीतर कुणाचं तरी डोकं फोडीन.

भंगाराच्या आवारामागे मुकादमाच्या कोंबड्या आहेत. त्यातली एक वाकडी. वरची चोच डावीकडे, खालची उजवीकडे — मोडकी कातरी जशी. जमिनीवरचा दाणा तिला उचलताच येत नाही. टोचते, टोचते, दाणा जागेवरच. बाकीच्या येतात, हिच्या टाळक्यात चोच हाणतात, दाणा घेऊन जातात. ती पुन्हा टोचायला लागते. बघून माझंच डोकं फिरतं.

मी कोंडा पाण्यात कालवून खोल डब्यात ठेवला. तिनं सगळं तोंड आत खुपसलं आणि खोऱ्यानं ओढावं तसा ओढला. मान वर केली तर डोळ्यापर्यंत कोंडा! इथं कामाला आल्यापासून पहिल्यांदा हसलो.

ता. ५, गुरुवार

मुकादमाचा मेव्हणा बघत होता. बहिणीच्या घरात राहतो, आवारात काम कमी आणि बोंब जास्त. मला विचारतो, बायकोला भरवतोस का रे? झालं! आता सगळे मला वाकडीचा नवरा म्हणतात. मग त्यानं डब्याला लाथ घातली. कोंडा मातीत. मी त्याची गचांडी धरली, त्यानं माझ्या पोटात गुडघा घातला. मुकादमानं दोघांनाही पट्ट्यानं झोडलं. पाठीवर वळ उठलेत, उताणं झोपता येत नाही.

वर मुकादम म्हणाला, रविवारी वाकडी कापायची. धड खाता येत नाही, अंडं देत नाही, कशाला पोसायची. मी म्हटलं, तिनं जमिनीवरचं टिपून दाखवलं तर?

"दाखव. रविवारपर्यंत दाखव."

ता. ७, शनिवार

वहिनीनं, म्हणजे मुकादमाच्या बायकोनं सांगितलं — चोच नखासारखी वाढते. सरळ असली की घासून झिजते. हिची वरची खालचीला लागतच नाही, म्हणून लांबत चाललीय. टोकं काप, पण थोडं थोडं काप, म्हणाली.

थोडं थोडं! मला कुठला धीर. तार तोडायची पकड घेतली, तिला काखेत दाबली आणि एका झटक्यात टोक उडवलं. आत जिवंत होतं. धार लागली रक्ताची. ओरडली नाही, नुसती पाय झाडत राहिली, माझं मनगट सोलून काढलं तिनं. राख दाबून धरली तेव्हा कुठे थांबलं.

मग दाणे टाकले. बराच वेळ नुसती बसून होती. आणि उचलला एक! जमिनीवरून! उद्या मुकादमाला दाखवतो.

मेव्हणा कुंपणाशी सिगारेट ओढत होता. म्हणाला, "उद्याची वाट कशाला बघायची? मीच मुरगळतो मुंडी." मी त्याला पकड दाखवली.

चोच अजून लाल ओली होती. एकटीला थंडी वाजेल म्हणून अंधार पडायच्या आत बाकीच्यांबरोबर खुराड्यात ढकलली.

ता. ८, रविवार

मेली.

सकाळी गेलो तर मेव्हणा खुराड्याशी उभा, वाकडीला तंगड्या धरून उलटी लटकवलेली. तुरा नाही. एक डोळा नाही. मानेचं कातडं सुटून लोंबतंय. त्याच्या बोटांना रक्त.

"अरे, मी नाही —"

पुढचं ऐकलंच नाही. घणाचा दांडा हाती लागला, तो जबड्यावर घातला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पडला तरी हाणला. बरं वाटलं. खरं तेच लिहितो — फार बरं वाटलं.

ता. १२, गुरुवार

मेव्हण्याचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. दवाखान्यात तारांनी आवळून बांधलाय, आता घरी आणलंय. मुकादमानं मला पोलिसांत दिलं नाही. म्हणाला, हाड जुळेपर्यंत याला तूच भरवायचंस, मग तोंड काळं कर.

भात घोटून पातळ करतो, चमच्यानं ओठाशी धरतो. खालचा जबडा उजवीकडे सरकलाय. अर्धं हनुवटीवरून गळतं. वहिनी माझ्याशी बोलत नाही. तो रोज काहीतरी सांगायला बघतो, तारांतून नुसती घरघर बाहेर येते. मी मनात म्हणतो, भोग लेका.

ता. १४, शनिवार

दुपारी एका कोंबडीचा पाय पत्र्यानं कापला. थेंबभर रक्त. बाकीच्या सगळ्या तुटून पडल्या तिच्यावर. आधी तुरा, मग डोळा, मग मान. मुकादम लाथांनी त्यांना उडवत मला म्हणाला, "रक्त दिसलं की ह्या आपल्यातलीलाही सोडत नाहीत. वेगळी काढायची असते, एवढंही ठाऊक नाही तुला?"

रक्ताळलेल्या चोचीची वाकडी मीच आत ढकलली होती.

मेव्हण्याचा भात घोटून ठेवलाय. थंड होतोय. त्याच्या खोलीत जायला पाय उचलत नाही.