कबुतरं तुझ्या दारी का आली

बार्न्सली, मंगळवार

ती. हिल्डाताईस,

धाकट्या विल्फचा वाकून नमस्कार. (वाकून म्हटलं खरं, पण वाकलं की खोकला येतो, तेव्हा बसूनच केलाय, गोड मानून घे.) तुझे गुडघे बरे असतील. शनिवारी मॉरीनने माझी सगळी कबुतरं टोपल्यांत भरून तुझ्या दारात उतरवली आणि विल्फ लिहील काय ते, एवढंच सांगून निघून आली. तर लिहितो.

वर्षभर खोकतोय. इस्पितळात कसं वाटतं विचारलं की मी ‘ठीकच’ म्हणतो; आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? (बाबांना खाणीतून उचलून आणलं तेव्हा तेही ‘ठीकच’ म्हणाले होते.) पक्षी पाळता का विचारलं की ‘छे’. शेवटी कंटाळून त्यांनी मला एमआरआयला धाडलं. पिशवीतला कसलासा वायू छातीत ओढायचा, श्वास रोखून त्या नळकांड्यात पडून राहायचं, आणि वायू पोचेल तेवढंच फुप्फुस चित्रात उजळतं. आत जाण्याआधी खिशातलं लोखंड काढा म्हणाले. मी खिसे उलटे केले. लोखंड नाही निघालं, कबुतरांना टाकायचा मका आणि वाळके वाटाणे निघाले, फरशीभर. यंत्रावरची बाई बघतच राहिली. मी म्हटलं, माझा डबा आहे. आता म्हटलंच आहे म्हणून दोन वाटाणे खाल्लेही. (दाढ अजून ठणकतेय.)

चित्र आलं. खालचा निम्मा भाग काळाकुट्ट, गल्लीतले दिवे गेल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी मला नाही, मॉरीनला विचारलं, “कबुतरं किती आहेत?” मॉरीन आजवर माझ्यासाठी खुशाल खोटं बोलत आलीय. या वेळी नाही बोलली. म्हणाली, “पुष्कळ आहेत. पण मला नवरा हवाय.” आणि रडायला लागली. कबुतरांच्या पिसांची, विष्ठेची धूळच छातीत बसते म्हणे. ती धूळ थांबली तर उरलेलं फुप्फुस वाचेल, नाही तर तेही जाईल. मी घाबरलो, ताई. फार दमलोय गं.

तुझा,
विल्फ

ता. क. त्यांना कोंडूनच ठेव. कितीही कीव आली तरी दार उघडू नकोस. शर्यतीची पाखरं ती, सुटली की थेट इकडेच येतील.

आणखी एक ता. क. तू उघडलंस. निळी मादी आत्ताच खिडकीवर येऊन बसलीय. मॉरीन बाजारात गेलीय. काच बंद आहे, शपथ. ती बाहेर, मी आत, एकमेकांकडे बघत बसलोय. येऊन घेऊन जा तिला. फार घाई नको.