धाकटीच्या वहीची मागची बाजू

माघ शुद्ध ६, गुरुवार. शके १८६३

काशे, वही उलटी कर. पुढून डॉक्टरचं लिही, मागून माझं. आता सांगते.

आज धाकटीला धसईला नेलं. शाळेच्या पडवीत डॉ. बसतो, दर गुरुवारी, मोठ्या इस्पितळातनं मोटारीनं येतो. तालुक्यात मनानं बिघडलेली माणसं किती, त्यांना काय होतं, कशानं होतं, सगळं लिहून घेतो. भगतानं कोंबडा खाल्ला, हा नुसते प्रश्न विचारतो. त्यातल्या त्यात स्वस्त.

धाकटीपुढं अर्धा पहर बसला. माझ्या सवतीपुढं. ती दिवाळीपासून बोलत नाय, भिंतीकडं तोंड करून बसते, तरी हा बसला. तीन पानं भरली. मला दोन प्रश्न, वय काय नि नातं काय. म्हटलं, ती धाकटी, मी थोरली, दोघींचं कुंकू एकच होतं, तेही दोन वर्षांमागं पुसलं. तो हसला नाय. शिकलेली माणसं उशिरा हसतात.

हुकूम झाला, रोज वही लिहा. काय खाल्लं, किती झोपली, काय बोलली. तू सून चार यत्ता शिकलेली, म्हणून लिहायचं तू. पण दिवसभर धाकटीजवळ असतं कोण? सांगणार कोण? मग तिच्या वहीत मला थोडी जागा नको?


माघ शु. ८

पुढच्या पानावर काशीनं लिहिलं: धा. पेज अर्धी. झोप नाय. बोलणं नाय.

‘धा.’ म्हणजे काय विचारलं. म्हणते, धाकटी, थोडक्यात. बरं केलंस. एकदाची कोणीतरी थोडक्यात आटपली तिला.

माझं लिही: भाकरी दीड. झोप चांगली. बोलणं भरपूर. हे कोण बघणार ते ठाऊक नाय.


माघ शु. १३, गुरुवार

डॉ.नं विचारलं, यांचं नाव काय. मागच्या खेपेला ‘धाकटी’ लिहून घेतलं होतं, आज म्हणतो, ते नाव नव्हे, ते नातं. माझ्या गणूनं माझ्याकडं बघितलं. तीस वर्षांचा बाप्या, चार लेकरांचा बाप, त्याला ठाऊक नाय. मीच आठवून सांगितलं, माहेरी सोनी म्हणायचे. डॉ. वाकून म्हणाला, सोनाबाई. तिनं मान वळवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

गणूचे डोळे भरले. माझे कोरडे. सासरी आल्यापासून माझंही नाव कोणी घेतलं नाय, मी भिंतीकडं तोंड केलं का? काशे, तुला तरी ठाऊक आहे माझं नाव? बघ. आता विचारू नको.

मग विचारलं, यांना मुलं किती. मी म्हटलं, हिला नाय, मला एक, हा काय उभा आहे. गणू पायातल्या वहाणेकडं बघत राहिला. डॉ.नं लिहिलं.

का थांबलीस? लिही. तुला काय नवीन आहे? गणूला जन्म तिनं दिला. वाढवला मी. गावाला ठाऊक, गणूला ठाऊक, कागदाला नाय.


माघ वद्य १

धा. पेज नाय. झोप नाय. हाताचं चालूच.

सूप पुढ्यात घेते. ओंजळीनं तांदूळ उचलते, पदराचा खोळा करून त्यात घालते. मग पदर रिकामा करते. पुन्हा ओंजळ. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तांदूळ चांगला पाखडला जातो, तेवढाच उपयोग.

केस विंचरले तिचे, डॉ.नं सांगितलंय म्हणून. अजून काळे. बारा वर्षांनी लहान आहे माझ्याहून, तरी एवढे काळे? तेही लिही.


माघ व. ५, गुरुवार

डॉ.नं तिच्या हातांकडं घटकाभर बघितलं. मग गणूला सांगितलं, हा हाताचा चाळा आहे, याला अर्थ नसतो, अशा आजारात हात आपोआप चालतात. तसंच लिहिलं.

मोठी विद्या, मोटार, तीन रंगांची दौत, आणि हातांची एवढी सोपी गोष्ट वाचता आली नाय. मला अक्षर येत नाय, ते हात येतात.

लग्नाला अकरा वर्षं झाली, माझी कूस उघडेना. मालक म्हणाले, दुसरी करतो. म्हटलं, करा, पण मुलगी मी बघणार. टोकावड्याकडं चार घरं फिरले. एक नाकानं बसकी, रंगानं सावळी बघून पसंत केली. म्हटलं, हिच्याकडं मालक कामापुरतं बघतील. माझ्यासारखी शहाणी मीच. वर्षभरात त्यांना बसकं नाक आवडायला लागलं.

गणू झाला. बाराव्या दिवशी आमच्याकडच्या रीतीनं थोरलीच्या ओटीत घातला. म्हणजे मी पदर पसरून पाटावर बसले, धाकटीनं आपल्या हातांनी माझ्या पदरात आधी तांदळाच्या ओंजळी घातल्या, मग नारळ, मग पोर. मालक म्हणाले, आता हा थोरलीचा. दूध तिनं पाजायचं, पाजलं की परत माझ्याकडं. तिनं कधी उलट शब्द काढला नाय.

आता सुपातनं तांदूळ उचलून स्वतःच्या पदरात घालते. कोणी घालायला नाय, म्हणून आपणच घालते. माझ्याकडून परत मागते आहे, आणि डॉ. म्हणतो अर्थ नाय.


माघ व. ८

गणूनं बाजारातनं तिच्यासाठी गूळ नि शेंगदाणे आणले. स्वतः सोलून दिले. तिनं चार खाल्ले. उरलेले माझ्यापुढं ठेवले, ‘आय, तू घे.’

मी घेतले नाय. मग सगळे झोपल्यावर घेतले.


माघ व. १२, गुरुवार

आज डॉ.नं मला एकटीला बसवलं. म्हटलं चला, आली आपली पाळी.

म्हणाला, तुमची सून सांगते, मालक गेल्यावर पावणेदोन वर्षं सोनाबाई भात कांडत होत्या, ओव्या म्हणत होत्या. मग मालकांच्या दुःखानं आजार झाला हे तुमचं सांगणं बसत नाय. दिवाळीत काय झालं?

म्हटलं, दिवाळीत दिवाळी झाली.

त्यानं टाक खाली ठेवला. म्हणाला, आजी, मी शंभर घरी हेच विचारतो. कारण सापडलं तर औषध वेगळं, नाय सापडलं तर वेगळं. मग समजावून सांगितलं. इस्पितळात एक नवी सुई आहे. ती टोचली की फेफऱ्यासारखा झटका येतो, अंग ताठ होतं. अशा मुक्या झालेल्या माणसांपैकी काही त्यानं बोलती होतात. काही होत नाहीत. झटक्यात कधी हाडही मोडतं. तो दोन्ही लिहून ठेवतो, बरं झालेलं नि न झालेलं. बरा वाटला तेवढ्यापुरता.

तिला तिकडं दोन महिने ठेवावं लागेल. घरची कर्ती म्हणून माझा अंगठा पाहिजे. कागद गणूच्या हातात दिला. वाटेत गणूला विचारलं, तुझं काय मत. ‘आय, तू म्हणशील तसं.’

जन्मभर मला हेच ऐकायचं होतं. आज नको होतं.


माघ व. १४

काशी लिहायला तयार नाय. म्हणते, हे नको, माझ्या पोराच्या बारशाचं आहे. म्हणूनच लिही. तू समोर होतीस.

दिवाळीच्या पाडव्याला बारसं. आळीतल्या बायका जमलेल्या. पोर माझ्या मांडीवर. धाकटी हात पुढं करून म्हणाली, ‘बाय, जरा माझ्याजवळ द्या.’ तीन पोरांच्या वेळी मागितलं नव्हतं, या चौथ्याला मागितलं. ते पोर हुबेहूब गणूसारखं, आणि गणू तान्हा असताना होता तसं नाक बसकं. सगळ्या बायका बघत होत्या, नाक कोणाचं. मला ते सोसलं नाय. मी म्हटलं, ‘तुझा काय संबंध?’

एवढंच. मोठ्यानंही नाय. तिनं हात मागं घेतले. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद.

झालं लिहून? डोळे पूस, शाई पसरेल.


फाल्गुन शु. १

धा. पेज दोन घास. झोप घटकाभर.

कागद कोनाड्यात. येता-जाता दिसतो. अंगठा लावला तर घर मोकळं, गणू माझा, पेज माझ्या हातची कोणी उष्टी टाकणार नाय. आणि तिकडं तिचं हाड मोडलं तर तेही माझ्याच अंगठ्यानं.

नाय लावला तर ती इथंच माझ्यासमोर तांदूळ उचलणार.


फाल्गुन शु. ४, गुरुवार

काशीच्या पोराला ताप, म्हणून ती घरी. गणूनं गाडी जोडली, आमी दोघी गेलो. गणू बैलांपाशी थांबला. डॉ.नं वहीसाठी हात पुढं केला. मी दिली.

त्यानं मागून उघडली. वाचत गेला. पान उलटून पुन्हा मागं आला. धाकटी माझ्या शेजारी, तिच्या हातांत आज सूप नव्हतं, तरी ओंजळ चालू. त्यानं एकदा तिच्या हातांकडं बघितलं, एकदा वहीकडं.

घरी आल्यावर काशी कपाळावर हात मारून म्हणते, आई, तुमी वही उलटी दिलीत. म्हटलं, मला कुठं अक्षर कळतं, कुठलं पुढं नि कुठलं मागं. पुढच्या पुठ्ठ्यावर पोपट आहे. पोपट मला दिसतो.

डॉ.नं आपला जुना कागद काढून ‘मुलं नाहीत’ खोडलं. ‘चाळा, अर्थ नाही’ हेही खोडलं. म्हणाला, चूक माझी, मी हातांना विचारलं, घराला नाय. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, सुईचं महिनाभर थांबू. गणूनं रोज तिच्याजवळ बसायचं, जेवायचं, शेतीतलं तिला विचारायचं. आणि तुमी जे चार बायकांत बोललात ते चार बायकांत परत घ्यायचं.

म्हटलं, आजारी ती, औषध मला का?

तेव्हा पहिल्यांदा हसला.


फाल्गुन शु. ८

गणू दुपारी तिच्याजवळ बसतो. दोघं खांबासारखी. त्याला बोलता येत नाय, ती बोलत नाय. मी स्वयंपाकघरातनं बघते. तीस वर्षं मी ज्याला घास भरवला तो दुसरीच्या ताटाशी बसून भात कालवतो. डॉ.ला म्हणावं, माझीही वही ठेव. थोरली, जळफळाट सकाळ-संध्याकाळ, झोप नाय.


फाल्गुन शु. ११, गुरुवार

काल गणूनं तिला विचारलं, वालाचं बियाणं किती ठेवू. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ‘पायलीभर.’

धावत माझ्याकडं आला, ‘आय, बोलली.’ लहानपणी ओढ्यात पहिला मासा सापडला तेव्हा असाच आला होता. मी म्हटलं, मी रोज बोलते, तेव्हा नाय कधी धावलास.

डॉ.नं तो शब्द लिहून घेतला. गणूनं विचारलं, बरी होईल का. म्हणाला, एका शब्दावरून सांगता येत नाय, आणि कशानं बोलली तेही अजून सांगता येत नाय. सुईचा कागद फाडू नका. कोनाड्यातच असू द्या.

पायलीभर कमी पडतं. दीड लागतं. पण तसं म्हटलं नाय.


होळी पौर्णिमा

आळीतल्या सगळ्या बायका होळीपाशी. चार काय, वीस. धाकटीला हात धरून मीच नेलं. नैवेद्य झाला, नारळ पडले. म्हटलं आता बोलावं. पण ‘पोळी चांगली झालीये गो’ एवढं बोलून घरी आले.

काशी म्हणते, आई, अजून पंचमी आहे. बोलायला जागा ठेवते ही सून. सासू होईल चांगली.


फाल्गुन व. ३, गुरुवार

डॉ. आला नाय. मोटारीला तेल मिळालं नाय म्हणे, लढाईमुळं.

तिसऱ्या प्रहरी आमी दोघी ओटीवर. ती सूप घेऊन, मी काशीचं धाकटं घेऊन. पोर रडत होतं. मी त्याला तिच्या मांडीवर ठेवलं. बायका कोणी नव्हत्या, कोणी बघितलं नाय, तेव्हा हे परत घेण्यात धरायचं की नाय ते डॉ. ठरवील. तिनं सूप बाजूला सारलं. माझ्याकडं बघितलं नाय.

तेवढ्यात गणू भाताचा राब भाजायला पाल्याचा भारा घेऊन कुंपणाच्या बेड्यापाशी आला. दोन्ही हात भाऱ्याला, बेड्याचे आडवे बांबू लावलेले. त्यानं हाक मारली, ‘आय.’

‘ओ,’ मी म्हटलं. ‘ओ,’ ती म्हणाली.

गणू तिथंच उभा. डोक्यावर भारा, मानेवरून घाम. आमी दोघी ओटीवर. बेडं काढायला कोणी उठेना. शेवटी काशी आतनं आली नि तिनं काढलं.

कोणाला हाक मारली ते त्यानं सांगितलं नाय. आमी विचारलं नाय.

काशी विचारते, पुढच्या पानावर काय लिहू. लिही: धा. पेज पाऊण. बोलणं, एक शब्द.

मागच्या पानावर हे लिही, की तिचा ‘ओ’ माझ्याआधी निघाला.