जास्तीचं ताट

५ डिसें.
आजही फोन नाही. महेशचा नंबर लावला की कुणी बाई तिकडच्या भाषेत काहीतरी सांगते आणि कट होतो. सुनेला ऐकवलं. "आई, ती म्हणते फोन बंद आहे." एवढंच? ती तर लांबलचक बोलली!

युक्रेनला गेलंय माझं पोरगं. डॉक्टरकी शिकत होता तेव्हा तिथं लढाई सुरू झाली. जीव मुठीत धरून लातूरला आला, येताना ही ल्युबा बरोबर. लग्न लावून दिलं. आणि आता तिच्या आईला आणायला परत गेला. मी नको म्हणलं. "आठ दिवसांत आलोच की." पोलंडकडून सरहद्द ओलांडली, कुठल्याशा स्टेशनवरून बोलला. पुढं रेंज नसेल म्हणाला, घाबरू नको. ते शेवटचं. विहीणबाईंचाही फोन बंद.

९ डिसें.
लई थंडी. हे माकडटोपी घालून भांड्याच्या दुकानात गेले. आणि ल्युबा बिनबाह्यांच्या गाऊनवर, वर पंखा फरफर! म्हणलं, बाई, न्यूमोनिया होईल. तर म्हणते, "आई, तू बघ, हा उन्हाळा आहे." दुपारी ऊन चढलं तशी फरशीवर जाऊन पडली. हातात मोबाईल. माहेरच्या गावचं तापमान बघत असते सारखी. मलाही दाखवलं. उणे अकरा. महेशचा जाड स्वेटर इथंच कपाटात राहिलाय.

सासूला "तू" म्हणते म्हणून गल्ली हसते. हसू द्या मेल्यांना. महेश मला जसा बोलतो तसंच ती शिकली.

१४ डिसें.
नांदेडहून लेकीचा, सुनंदाचा फोन. वकिलातीला मेल केलाय, उत्तर न्हाई. मग आवाज बारीक करून, "आई, वहिनी काही लपवून तर नाही ना राहिली?" खडसावलं तिला. सख्ख्या भावाच्या काळजीपोटी बोलते, पण काही जिभेला हाड?

नंतर दिवसभर मीच ल्युबाकडं चोरून बघत होते. तिनं ओळखलं असावं. रात्री जेवली नाही.

१९ डिसें.
येळवस. अमावस्येची पूजा करायला अख्खं लातूर शेतात. गल्लीत कुत्रं नाही. आम्ही रेणापूरला दिरांच्या शेतात जायचो, महेश कडब्याच्या खोपीत शिरून पहिली आंबील प्यायचा. यंदा गेलो नाही. हे म्हणाले, "आंबील तरी कर." केली. कुणी तोंडाला लावली नाही.

दिरांनी भज्जीचा, येळवशीच्या मिसळ भाजीचा डबा पाठवला तो फ्रीजमध्ये.

२१ डिसें.
ल्युबा स्वयंपाकघरात येऊन उभी. चोवीसला त्यांच्या ख्रिसमसची रात्र. "आई, मी करू?"

डोकंच फिरलं माझं. नवऱ्याचा पत्ता नाही आणि सण सुचतोय! बोलून गेले. ती भांडी घासत राहिली. घासलेलीच परत घासत होती.

हे ऐकत होते. "करू दे की. आपली पंचमी केली, संक्रांत केली, कधी न्हाई म्हणली का ती?" खरं आहे. पण मला तिचा राग येतो. तिची आई तिकडं नसती तर...

२३ डिसें.
तयारी चाललीय. मटण, अंडं, दूध, तूप काहीच चालत नाही त्या रात्री. म्हणलं, मग सोपंय, आमच्या घरात कुठाय मटण! बारा पदार्थ पाहिजेत. आमटी, दोन भाज्या, शेंगदाण्याची चटणी, सगळं धरून मोजलं. मुख्य म्हणजे कांडलेले गहू, मध आणि खसखस. अगं, ही तर आपली हुग्गी! मध काढून गूळ घातला की झालं. तिला सांगितलं तर गळ्यात पडली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मलाही आवरेना. महिन्यात पहिल्यांदा दोघी मिळून रडलो.

वातीचा कापूस मागितला. खिडकीच्या गजांना चिकटवला, बर्फ म्हणून. उन्हात कसला बर्फ! पण बघत उभी होती.

२४ डिसें.
लिहवत नाही. पण लिहिते.

पहिली चांदणी दिसल्यावर जेवायचं असतं. तिकडं चार वाजताच अंधार पडतो म्हणे. इथं साडेपाच वाजले तरी लख्ख. ल्युबा गच्चीवर, घामानं भिजलेली. तीनदा खाली येऊन सांगून गेली, "आई, सूर्य जात नाही."

तिनं टेबलावर पांढरी चादर घातली होती, खाली मूठभर कडबा, त्यांची तशी रीत म्हणे. ताटं चार. आम्ही तीन माणसं. म्हणलं, पोरीला खात्री आहे, येतोय माझा महेश. ती वर गेलेली असताना त्या चौथ्या ताटात मी त्याच्या आवडीचं वाढलं. दोन धपाटी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, भरपूर. त्याला झणझणीत लागतो.

चांदणी दिसली. ल्युबा खाली आली आणि ताटाकडं बघून जागीच थांबली.

"आई, हे कोण ठेवलं?"

"मी. महेशचंच ना ताट?"

"नाही आई. जे मेले, त्यांचं. माझा बाबा."

देवा! मी माझ्या हातानं. पोटच्या पोराला. धपाटी उचलायला गेले तर तिनं मनगट धरलं. ठेवलेलं काढायचं नसतं, रात्री ते येऊन जेवतात म्हणे, सकाळपर्यंत तसंच राहायचं. तिनं ताटात एक चमचा गोड गहू घातले. हे म्हणाले, "जेवा आता." जेवलो. कशाला काय चव होती आठवत नाही.

२५ डिसें.
उजाडायच्या आत उठले. झोप नव्हतीच. माझ्या महेशचं जेवण मेलेल्यांच्या ताटात ठेवणार नाही मी. काढायचं नाही म्हणाली ना, मग खाल्लं. उभ्यानं, पाणी न पिता, दोन्ही धपाटी, सगळा ठेचा. त्याच्या वाटणीचं आईनं खाल्लं तर काय बिघडतं? गहूही खाऊन टाकले, ताट चाटून पुसून ठेवलं. मोकळं वाटलं. अंथरुणावर येऊन पडले.

ल्युबाच्या हाकेनं उठले. टेबलाजवळ उभी. हसत होती, डोळ्यांत पाणी. "आई! बाबा आला! बघ, जेवला!" इतक्या दिवसांनी हसली. राहू दे म्हणलं मनात, पोरीला तेवढंच.

मग तिचं हसू हळूहळू गेलं. बोटानं ताटाची कड पुसली, जिभेला लावली. ठेचा.

"बाबा तिखट खात नाही, आई."

आणि मटकन खालीच बसली. तोंडावर हात. महेश, महेश करत.

"मी खाल्लं गं! मी! उजाडायच्या आत उठून मी खाल्लं!" खांदे धरून हलवलं तिला. ह्यांनाही हाक मारली. ती माझ्याकडं बघते, गालावरून हात फिरवते. "तू चांगली आहेस, आई. खोटं नको बोलू."

हे दुकानात गेले नाहीत. ल्युबानं खिडकीचा कापूस काढून टाकला, आता महेशचा स्वेटर मांडीवर घेऊन बसलीय. पंखा बंद. महेशचा नंबर आत्ताच लावला, तीच बाई.

खरंच मी खाल्लंय. छातीत अजून जळजळ होतेय ठेच्यानं. हिला कसं पटवू?