झाकणावरचं नाव

४ नोव्हेंबर
नवी वही, नवं शहर, नवी नोकरी. पहिल्या पानावर झोकात नाव घातलंय: आमोद. सोलापूरचं दुकान सोडल्याचं दुःख तिथल्या मालकालाही झालं नाही, मग मी कशाला करू? राहायला वारज्यात खोली, कामाला नारायण पेठेत श्यामसुंदरकाकांचं जुन्या घड्याळांचं दुकान. दारावरच पाटी: 'येथे घड्याळे दुरुस्त होतात. वेळ सांगितली जात नाही.' काकांनी माझी कागदपत्रं पाहिली आणि म्हणाले, कामात चुकलास तर सांभाळून घेईन, खोटं बोललास तर नाही. हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला, लगेच माझं नाव उमटलं. जाम खूश आहे.

९ नोव्हेंबर
काकांचा खरा जीव दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी मनगटी घड्याळांत. ती ओळखायची कशी ते आज शिकवलं. काळी डायल, मागच्या झाकणावर ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण म्हणून बाण, त्याखाली नंबर. काट्यांवरचं रेडियम एवढ्या वर्षांत विझलेलं असतं. अंधारात चमकलं तर कोणीतरी नवा रंग फासलाय असं खुशाल समजावं. असं एखादं माझ्या मालकीचं हवं, ही हाव तेव्हाच सुटली. कबूल करतो.

१४ नोव्हेंबर
आणि आलं की चालून! एक ते चार काका झोपायला घरी जातात, नेमकी तेव्हाच कात्रजपलीकडच्या गावातून सोजरबाई नावाची म्हातारी आली. घड्याळ बंद पडलेलं. बाण, नंबर, सगळं अस्सल. झाकणावर नंबरखाली सुईनं कोरलेलं: गेनबा. तिचा सासरा. लढाईत गेला, देह आला नाही, घड्याळ तेवढं आलं. पलटणीत तो स्वतःचं नाव लिहायला शिकला होता, दुसरं अक्षर येत नव्हतं. तेव्हापासून घरच्या सुनेनं रोज सकाळी देवापुढं घड्याळाला चावी द्यायची आणि त्याचं नाव घ्यायचं. एरवी सून सासऱ्याचं नाव घेत नाही. पण ती म्हणाली, "आमी न्हाई घेतलं तर कोन घेनार?" तिला वाचता येत नाही, अक्षरांवरून अंगठा फिरवते. चार दिवसांनी दोन वाजता या म्हटलं.

१८ नोव्हेंबर
काम फत्ते. भंगारातलं तसंच काळ्या डायलचं घड्याळ चालू केलं, त्यावर 'गेनबा' कोरलं आणि म्हातारीच्या हातात दिलं. अस्सल माझ्याकडे. नाव राहिलं असतं तर कधीतरी पकडलो असतो, म्हणून नंबरला धक्का न लावता ते तेवढं पॉलिश पेपरनं घासलं. अंगठा दाबून, तासभर.

तिनं अक्षरांवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवून बघितला. तेलानं साफ केल्यावर असंच लागतं, असं मी ठोकून दिलं. जाताना म्हणाली, "आसंल. आन् कुनी बदललं आसंल, तर त्येला मामंजी बघून घेतील." मला हसू आलं.

२२ नोव्हेंबर
हजेरीच्या यंत्राला माझा अंगठा पटत नाही. फोनही उघडेना. काका म्हणाले, चला, यंत्राला तरी माणूस कळला. भिंगाखाली बघितलं. अंगठ्यावर एकही रेघ नाही. त्या झाकणासारखाच गुळगुळीत. पॉलिश पेपरचा प्रताप असणार, येतील परत.

पण आता बाकीच्या बोटांवरच्याही पुसट झाल्यात.

२५ नोव्हेंबर
भर दुपारी खोलीतलं कपाट उघडलं. आत ठेवलेल्या त्या घड्याळाचे काटे हिरवे चमकत होते. मी रंग लावलेला नाही. चावीही दिलेली नाही. तरी चालू आहे.

२७ नोव्हेंबर
काकांनी नाव विचारलं. चेष्टा करताहेत असं वाटलं. पुन्हा विचारलं, आणि परक्याला विचारावं तसं 'आपण' म्हणाले — मग दुकानाबाहेर काढलं. घरमालकीण म्हणाली, खोली रिकामीच आहे, भाड्यानं हवी का.

वहीचं पहिलं पान बघितलं. नाव नाही. कागद तिथे घासून पातळ झालाय, पलीकडचं दिसतं. त्याचं मी पुसलं, तो माझं पुसतोय. भीती वाटते. फार भीती वाटते.

२९ नोव्हेंबर
घड्याळ परत द्यायला तिच्या गावी गेलो. हातापाया पडणार होतो. सोजरबाईनं मला बघितलं, डोक्यावर पदर ओढला, बाजूला सरून खाली मान घातली. "मामंजी, लई उशीर केला तुमी."

मी तो नाही, मी — नाव तोंडात येईना. घड्याळ देवापुढं ठेवलं. तिनं हात लावला नाही. म्हणाली, आता चावी कशाला, तुमीच आलाय न्हवं. मग मान वर केली आणि हसली. तिला सगळं ठाऊक होतं.

३० नोव्हेंबर
घड्याळ मनगटावर आहे. मी बांधलं नाही. पट्टा सुटत —

सोलापूर आठवतं. आई आठवते. ती मला काय हाक मारायची —

लिहून ठेवतो म्हणजे राहील. पण अक्षरं जाताहेत. मागची पानं आता वाचता — हात सुई धरल्यासारखा — दुसरं काही येत ना

माझं नाव

गेनबा

नाही, माझं

गेनबा
गेनबा
गे